भागीरथीचा जबाब

कोर्टात माणूस जे बोलतो आणि कागदावर जे उतरतं, त्या दोहोंच्या मध्ये टेबल टाकून मी सव्वीस वर्षं बसलो. किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या फौजदारी कोर्टात मी जबाब लिहिणारा कारकून होतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांची माणसं अजून तिथे नांदतात, म्हणून नावंही बदलली आहेत.

तेव्हा आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. साहेब, म्हणजे मॅजिस्ट्रेट, नेहमी बाहेरचे यायचे. कोणी खानदेशातून, कोणी धारवाडकडून, कोणी थेट गुजरातेतून. साक्षीदार मात्र सगळे आमचे, मालवणीत बोलणारे. पिंजऱ्यातला माणूस म्हणायचा, "मिया तेका खळ्यात बगितलंय," आणि मी लिहायचो, 'मी त्यास अंगणात पाहिले.' साहेब आपलं टिपण वेगळं ठेवायचे, पण साक्षीदाराचा खरा जबाब माझ्या हातचा. तो पुरा झाला की मी वाचून दाखवायचो, साक्षीदार "होय" म्हणायचा, अंगठा उठवायचा, आणि खाली मी ठरलेली ओळ लिहायचो: 'वाचून दाखविला, बरोबर आहे.' त्या ओळीनंतर तो कागद पक्का. मग बोलणाऱ्यालाही आपलं बोलणं सहजासहजी मागे घेता येत नसे.

यात कठीण काय, असं बाहेरच्याला वाटेल. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. त्या वर्षी एका बाईचा दीर काजूच्या बागेत मेला. तिने जबाबात सांगितलं, "तेका पान लागला." मी लिहिलं, 'त्यास पान लागून तो मयत झाला.' साहेब गुजरातचे होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी कागद वाचला आणि हुकूम दिला की कोणतं पान लागलं त्याचा शोध घ्यावा. जमादार इमानाने बागेत गेला आणि काजऱ्याची, कुड्याची, आणखी कसली कसली पानं लखोट्यात घालून, लाख लावून घेऊन आला. शिरस्तेदारांनी, म्हणजे ऑफिसच्या मुख्य कारकुनांनी, मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, "अरे, साप चावला असं लिही की सरळ." मी म्हणालो, "ती बाई तसं म्हणाली नाही." आमच्याकडे त्या जनावराचं नाव घेत नाहीत, चावलं हेही म्हणत नाहीत. नाव घेतलं तर येतं, अशी समजूत. शिरस्तेदार म्हणाले, "ती तसं म्हणाली नाही, पण सांगितलं तिने तेच." ऑफिसात आठ दिवस हसणं चाललं, आणि मी शिकलो असं मला वाटलं. पुढे दहाएक वर्षांनी भागीरथीचा जबाब माझ्यापुढे आला, तेव्हा मी किती शिकलो होतो ते कळलं.

खाडीपलीकडच्या एका गावातले दोन भाऊ, सखाराम थोरला आणि दाजी धाकटा. सखाराम घरची थोडी भातशेती आणि माड बघायचा. दाजी गलबतावर खलाशी होता. एका वर्षी तुफानात त्याचं गलबत खडकावर फुटलं. सोबतचे दोघे बुडाले, हा फळीला धरून किनाऱ्याला लागला. त्यानंतर दाजी दर्यावर गेलाच नाही. पडवीत बसून राहायचा. कोणी बोलावलं तर उत्तर द्यायचा, नाहीतर नाही. भागीरथी ही त्याची बायको, तीस-बत्तिशीची असेल. मूलबाळ नव्हतं.

दाजी असा दीड वर्ष बसून होता. मग एके दिवशी दुपारी सखाराम शेतातून आला आणि भडकला. अंगणात उभा राहून मोठमोठ्याने बोलला. शेजारच्या पांडूने ते गडग्यावरून, म्हणजे मधल्या दगडी कुंपणावरून, ऐकलं. संध्याकाळी दाजी घरातून बाहेर पडला तो परतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागल्यावर धक्क्याच्या चिऱ्यांपाशी त्याचं प्रेत दिसलं. कपाळावर मोठी जखम होती. प्रेत वर काढलं तेव्हा साऱ्या गावासमोर सखारामने डोकं आपटून घेतलं आणि तो ओरडला, "मियाच मारलंय तेका."

पोलिसांना आणखी काय लागणार? त्याच दिवशी सखारामला अटक झाली.

खुनाचा खटला चालायचा तो जिल्ह्याच्या कोर्टात. पण त्या काळी आधी तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे सगळा साक्षीपुरावा व्हायचा, आणि खटला वर पाठवायचा की नाही ते तिथे ठरायचं. तो पुरावा आमच्याकडे तीन दिवस चालला. साहेब खानदेशातले होते. उंच, कोरडे, व्याकरणाचे पक्के. जबाबात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी ते बोटाने दाखवायचे. आरोपीच्या वकिलांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे उलटतपासणी राखून ठेवली होती. जे विचारायचं ते जिल्ह्याला विचारू, असा त्यांचा बेत. त्यामुळे साक्षीदाराला प्रश्न विचारणारे एकटे पोलिसांचे वकील. हुशार माणूस, पण घाईचा.

पहिल्या दिवशी पांडू आला. पोलिसांनी त्याचं म्हणणं असं टिपलं होतं: 'सखारामने दाजीस तू मेलास अशी धमकी दिली.' पिंजऱ्यात तो म्हणाला, "'दोगांका दर्यान नेल्यान, तुका कित्याक सोडल्यान? तू माका मेलस,' असा म्हणालो सखाराम." मी ते नीट लिहिलं: 'दोघांस दर्याने नेले, तुला का सोडले? तू मला मेलास.' वकिलांनी विचारलं, "म्हणजे मरशील असं म्हणाला ना?" पांडू गोंधळला. "मेलस म्हणालो, सायब," एवढंच बोलला. डॉक्टरांनी सांगितलं की कपाळावरची जखम माराने होऊ शकते, चिऱ्यावर पडूनही होऊ शकते. गावच्या दोघांनी सांगितलं की सखाराम "मियाच मारलंय" म्हणाला. साहेबांनी सखारामला विचारलं, "असं म्हणालास का?" तो मान खाली घालून म्हणाला, "म्हणालंय." मी लिहिलं, 'मी तसे म्हणालो हे खरे आहे.' त्याने पुढे काही सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटची साक्ष भागीरथीची. डोक्यावर पदर, नजर खाली, आवाज इतका हळू की मला खुर्ची पुढे ओढून घ्यावी लागली. वकिलांनी संध्याकाळचं विचारलं.

"तो पडवेत बसान होतो," ती म्हणाली. "उठलो, धोतर सारखा केल्यान. माका म्हणालो, 'भागी, जातंय मिया.' माका धस्स झाला."

"तुला काय झालं ते नको," वकील म्हणाले. "तो काय म्हणाला तेवढंच सांग."

"जातंय म्हणालो."

मी लिहिलं, 'मी जातो असे मला सांगून तो घराबाहेर पडला.' जबाब संपला. मी वाचून दाखवू लागलो. त्या ओळीशी आलो तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, तां तसा न्हय."

"काय तसं नाही? 'जातंय' म्हणाला ना?"

"म्हणालो."

"मग तेच लिहिलंय."

"तेच आसा," ती म्हणाली. तिचा हात कठड्यावर होता, तो तिने घट्ट आवळला. "पण तसा न्हय तां."

वकिलांनी घड्याळ बघितलं. साहेब दुसऱ्या कागदावर सही करत होते. मी तिचा अंगठा धरला, शाईवर टेकवला, कागदावर उमटवला, आणि खाली ठरलेली ओळ लिहिली. साहेबांनी सांगितलं की निकाल उद्या दुपारी बारा वाजता.

माझी चूक झाली असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. पण चूक हा शब्द इथे पुरा बसत नाही. अंगठा धरला तेव्हाच मला कळलं होतं. आमच्याकडे घरातून निघणारा माणूस "जातंय" म्हणत नाही. विहिरीवर जायचं असलं तरी "येतंय" म्हणूनच उंबरा ओलांडतो. मराठी माणूस कुठलाही असो, हे त्याला सांगावं लागत नाही. त्यात दर्यावर जाणाऱ्यांच्या घरी हा नेम फार कडक. ज्याने उभं आयुष्य "येतंय" म्हणून गलबतावर पाय ठेवला, तो एके संध्याकाळी, हातात काही नसताना, बायकोला नावाने हाक मारून "जातंय" म्हणाला. तो कुठे निघाला होता ते तिला त्याच क्षणी समजलं होतं. ते तिने त्याच एका शब्दात कोर्टाला सांगितलं होतं. उघड करून सांगायचं तर 'माझा नवरा जीव द्यायला निघाला' असं तिला पाचपन्नास पुरुषांसमोर बोलावं लागलं असतं. ते तिच्या तोंडून येणार नव्हतं. मी तिचा शब्द जसाच्या तसा उचलून शुद्ध मराठीत ठेवला, आणि त्यात काही उरलं नाही.

संध्याकाळी ऑफिसात बसून मी कागदांवर अनुक्रमांक घालत होतो. पांडूचा जबाब, गावकऱ्यांचे जबाब, सखारामचं म्हणणं, भागीरथीचा जबाब. एकापुढे एक ठेवून मी ते सलग वाचले. दुपारी भाऊ भावाला म्हणाला, तू मेलास. संध्याकाळी धाकटा मी जातो म्हणून निघून गेला. सकाळी थोरला म्हणाला, मीच मारलं. एकही शब्द खोटा नव्हता. जिल्ह्याचा न्यायाधीश ते वाचून काय समजणार ते आंधळ्यालाही दिसलं असतं. उद्या भागीरथी तिथे वेगळं काही बोलली, तर हाच कागद तिच्यासमोर धरला जाणार: बाई, तेव्हा तर असं सांगितलं नव्हतंस.

घरी गेलो. जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तो रोज भायर पडताना काय म्हणा होतो, तां तिका कोणी विचारल्यानी काय?"

"नाही."

"मग तुमी सगळे थय करी काय होतात?"

सकाळी साडेसातला मी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. ते व्हरांड्यात चहा घेत होते. कारकून असा आगंतुक आलेला त्यांना आवडला नाही.

"साहेब, कालच्या शेवटच्या जबाबात चूक आहे."

"कोणाची?"

"माझी."

त्यांनी कप खाली ठेवला नाही. "बाई काय म्हणाली?"

"तिचा नवरा 'जातंय' म्हणाला, असं म्हणाली."

"म्हणजे काय?"

"मी जातो."

"तुम्ही काय लिहिलंत?"

"'मी जातो असे मला सांगून.'"

"मग चूक कुठे आहे?"

या प्रश्नाचं उत्तर मी वाटेत दहा वेळा जुळवलं होतं. त्यातलं एकही आठवेना. शेवटी मी म्हणालो, "साहेब, आपण घरातून निघताना काय म्हणता?"

त्यांच्या कपाळावर आठी पडली. कारकुनाने साहेबाला प्रश्न विचारायचा नसतो. "येतो म्हणतो," ते म्हणाले. आणि मग त्यांनी कप खाली ठेवला. मी उभाच होतो.

"हे तुमच्या लक्षात कधी आलं?" त्यांनी विचारलं. "आज की काल?"

आज म्हणालो असतो तर ती नजरचूक ठरली असती. नजरचुकीला समज देऊन सोडतात. काल म्हटलं तर साक्षीदाराची हरकत दडपली असा अर्थ, आणि त्याला नोकरी जाऊ शकते. घरी आई, बायको, दोन मुली.

"काल, साहेब. वाचून दाखवतानाच. ती बाई 'तसं नाही' म्हणत होती. मी अंगठा घेतला."

"लेखी द्या," साहेब म्हणाले. "अर्ज फाइलला लागेल. तुमचं पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही, हे समजून लिहा."

ऑफिसात येऊन कागद घेतला. शिरस्तेदारांना सांगितलं तर त्यांनी डोक्याला हात लावला. मग हळूच म्हणाले, "नजरचुकीने असं लिही. सगळे तेच लिहितात." मी तो शब्द लिहिला. आयुष्यभर लोकांचे शब्द उतरवून घेतले, स्वतःसाठी लिहायचा हा पहिलाच होता. कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं: 'साक्षीदाराने हरकत घेतली असता मी ती नोंदविली नाही.'

भागीरथीला परत बोलवायचा हुकूम निघाला. पट्टेवाला नऊच्या सुमाराला सुटला. तिचं गाव खाडीपलीकडे, मध्ये तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. भरती-ओहोटी सांभाळून तर चालायची. अकराला कोर्ट सुरू झालं. सखारामला आणून उभं केलं. दाढी वाढलेली, हातात दोरी. बारा वाजले. पोलिसांचे वकील उठले. निकालाची वेळ झाली आहे, साक्षीपुरावा कालच संपला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेब म्हणाले, "बसा." साडेबारा झाले. वकील पुन्हा उठले. साहेबांनी नुसता हात केला. मी दाराकडे बघत होतो. बाई येणार नाही असं माझ्या मनाने घेतलं होतं. कालचा अंगठा तिला पुष्कळ झाला असेल.

एक वाजून गेल्यावर पट्टेवाला आला. भागीरथी त्याच्या मागे होती. नंतर तो मला म्हणाला, की ती आधी निघायलाच तयार नव्हती. आपल्याला धरून नेतात असं तिला वाटलं. शेजाऱ्याच्या हातात घराची किल्ली देऊन ती निघाली होती.

ती पिंजऱ्यात चढली तेव्हा सखारामने एकदा तिच्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. आता ही आपल्या गळ्याभोवतीचा फास आवळायला आली, असंच त्याला वाटलं असणार.

साहेब मला म्हणाले, "तिच्या तोंडचा शब्द लिहा. शुद्ध करू नका." मग तिला विचारलं, "बाई, तुझा नवरा दर्यावर जायला निघताना काय म्हणायचा?"

वकील हरकत घ्यायला उठत होते. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"येतंय म्हणा होतो," ती म्हणाली.

"नेहमी?"

"नेमी."

"आणि त्या संध्याकाळी?"

"जातंय."

"मग त्यात वेगळं काय?"

ती बोलेना. माझा टाक कागदावर टेकलेला होता, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते थांबले. आधीच्या किंवा नंतरच्या कुठल्या साहेबाला इतका वेळ थांबून राहिलेलं मी बघितलं नाही.

"दर्यार जाणारो माणूस घरातसून जातंय म्हणूचो नाय," ती शेवटी म्हणाली. "म्हटलो तर तो परत येवचो नाय. माका कळला होता, सायब. मिया तेका थांबवक होया होता. मिया भात रांधी होतंय. चुलीवरसून उठाक नाय मिया."

मी शब्दन् शब्द लिहिला. वाचून दाखवला तेव्हा तिने होकाराची मान हलवली. अंगठ्यासाठी मी शाई पुढे सरकवली. तिचा हात मी धरला नाही.

मग साहेब सखारामकडे वळले. "तू 'मीच मारलं' म्हणालास. कसं मारलंस?"

सखाराम तिच्याकडे बघत होता. "सायब," तो म्हणाला, "मिया तेका म्हटलंय, तू माका मेलस. आनी तो खराच मेलो. मग कोणी मारल्यान तेका?"

हे मी लिहिलं तेव्हा पोलिसांचे वकीलही खाली बघत होते.

एवढ्यावर साहेबांनी सखारामला तिथल्या तिथे सोडला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. भांडण होतं, जखम होती, गावासमोरचं बोलणं होतं. या सगळ्याचं वजन करणं आपलं काम नाही, असं म्हणून त्यांनी खटला वर पाठवला. पण दोन्ही जबाब, आधीचा आणि नंतरचा, माझ्या अर्जासकट सोबत गेले. सखाराम पावसाळाभर तुरुंगात राहिला. त्याची शेती पडीक गेली. भाताची लावणी झालीच नाही. जिल्ह्याला खटला चालला तेव्हा न्यायाधीशांनी भागीरथीला तेच विचारलं, तिने तेच सांगितलं, आणि कागद तिच्या बाजूने उभा राहिला. सखाराम सुटला. आमच्या ऑफिसात निकाल कळला तेव्हा शिरस्तेदारांनी मला चहा पाजला.

माझ्या नोकरीच्या पुस्तकात 'जबाब नोंदविण्यात कसूर' असा शेरा पडला. नोकरी राहिली, बढती चार वर्षं मागे गेली. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. त्यानंतर मी एक सवय धरली. जिथे शब्दाच्या पोटात दुसरं काही आहे अशी शंका येई, तिथे मूळ मालवणी शब्द अवतरणात द्यायचा. नवे कारकून हसायचे. एक साहेब तर म्हणाले, हा जबाब आहे की दशावतारातला संवाद? मी ऐकून घेतलं. लिहिणं सोडलं नाही.

वाईट वाटलं ते दुसऱ्याचं. भागीरथीचे शब्द मी नीट लिहिले, ते भर कोर्टात वाचले गेले, आणि गावात गेले. गावाने त्यातले आपल्याला हवे तेवढे उचलले. नवरा मरायला निघाला हे हिला कळलं होतं आणि ही चुलीपुढून उठली नाही. विहिरीवर बायका तिच्या शेजारी घागर ठेवीनात. सुटून आलेल्या सखारामशी लोक बोलू लागले, तिच्याशी नाही. हे मला पट्टेवाल्याने सांगितलं, त्याची बहीण त्या गावात दिली होती. सखारामने मात्र तिला अंतर दिलं नाही. दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण मासळी आली की तो तिचा वाटा तिच्या दारात ठेवून जायचा. तिच्या वाट्याचं शेत आधी लावायचा, मग आपलं. ज्या शब्दाने एकाचा जीव वाचवला त्याच शब्दाने दुसरीचं गाव तोडलं, आणि दोन्ही वेळा लिहिणारा मीच. यावर काय करायला हवं होतं ते मला अजून सांगता येत नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, महाराष्ट्र राज्य झाल्यावर, ती पुन्हा आमच्या कोर्टात आली. गडग्यावरून दोन शेजाऱ्यांची मारामारी झाली होती, आणि ती तिच्यासमोर झाली होती. साधीच केस. साहेब नवे होते. ती आता पदर मागे सारून उभी होती आणि आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. तिने मला ओळखलं की नाही ते मला कळलं नाही. जबाब संपला. मी कागद उचलला आणि वाचायला तोंड उघडलं.

कागद इकडे आण म्हणून तिने हात पुढे केला. "हाड हय," ती म्हणाली. "मिया वाचतंय."

त्या वर्षांत गावोगाव मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचे वर्ग निघाले होते. तिच्या गावच्या वर्गाला बायकांत ती एकटीच शेवटपर्यंत टिकली होती, हे मला मागाहून समजलं. मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. मी कागद दिला. ती एकेका अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागली. पुढची केस ताटकळली. वकील कुजबुजू लागले. पहिल्याच ओळीवर तिचं बोट थांबलं होतं. तिथे मी नेहमीच्या नमुन्यात लिहिलं होतं: 'भागीरथी, मयत दाजी याची विधवा, धंदा शेती.'

ती सगळा जबाब शेवटपर्यंत वाचून परत तिथे आली.

"ह्यां काढ," ती म्हणाली. "दाजीची बायल लिव्ह."

"तसाच नमुना आहे," मी म्हणालो. "दाजी आता हयात नाही ना."

"तां माका म्हायत आसा. तो गेलो म्हणान माझा लगीन गेला काय?"

मी कागद तिच्या हातातून घेतला. 'मयत' खोडलं, 'विधवा' खोडलं, वर 'बायको' लिहिलं, आणि समासात सही केली. साहेबांनी वरून विचारलं, "खाडाखोड कसली ती?"

"साक्षीदाराची दुरुस्ती आहे, साहेब."

मी शाईची डबी पुढे करत होतो. तिने ती बाजूला सारली, माझ्या हातातला टाक घेतला, आणि कागदावर वाकून आपलं नाव लिहायला सुरुवात केली. भ काढायला तिला वेळ लागला. कोर्ट थांबून राहिलं.